चार गळे, एक तबकडी

१९५४ साली लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातल्या एका घराच्या गॅरेजमध्ये विशीच्या आसपासची चार कृष्णवर्णीय मुलं गायला उभी राहिली. घर टेड ब्रिन्सन या बास वाजवणाऱ्या वादकाचं. गाडी लावायच्या जागेत त्याने ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली होती, आणि तोच त्याचा स्टुडिओ होता. ड्रमचा आवाज गळ्यांवर चढू नये म्हणून ड्रमवर उशा दाबल्या होत्या. शेजारचा कुत्रा भुंकला की टेक वाया जायचा. मग तबकडी काढणाऱ्या कंपनीचा मालक स्वतः बाहेर जायचा, कुत्र्याला गप्प करून यायचा आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. जे मुद्रित होत होतं ते कच्चं काम समजलं गेलं होतं. त्यावर नंतर आणखी वाद्यं चढवायची, असा बेत होता.

तो बेत कधीच पुरा झाला नाही. कच्चं मुद्रणच बाजारात आलं आणि अमेरिकेच्या लोकप्रिय संगीताच्या इतिहासात पक्कं बसलं. ‘अर्थ एंजल’ हे ते गाणं आणि ‘द पेंग्विन्स’ हा तो गट. क्लीव्हलँड डंकन, कर्टिस विल्यम्स, डेक्स्टर टिस्बी आणि ब्रूस टेट हे त्याचे चार गायक. या गाण्यानंतर पेंग्विन्सनी अनेक तबकड्या काढल्या, तीन-चार कंपन्या बदलल्या, पण देशाच्या मुख्य लोकप्रियता यादीत त्यांचं दुसरं गाणं कधी झळकलं नाही.

अशा गटांना ‘एका गाण्याचे धनी’ म्हणून मोडीत काढायची पद्धत आहे. एकदा नशीब उघडलं, पुढे दम निघाला नाही, एवढ्यावर त्यांची गोष्ट आटोपते. पेंग्विन्सच्या बाबतीत हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. त्यांची कहाणी बारकाईने पाहिली की एक व्यवस्था स्पष्ट दिसते. त्या व्यवस्थेत गाणं रचणाऱ्याला मालकी होती, तबकडी छापणाऱ्याला मालकी होती आणि जो गळा ऐकायला लोक पैसे मोजत होते त्याच्या हाती जवळजवळ काहीच नव्हतं.

चौघांचं गाणं

पेंग्विन्स ज्या शैलीत गात तिला आज डू-वॉप म्हणतात. हे नाव छापील मजकुरात रुळलं ते १९६० च्या दशकात. गाणारी मुलं स्वतः या प्रकाराला ऱ्हिदम अँड ब्लूजच म्हणत. शैलीची मुळं मात्र बरीच जुनी. चर्चमध्ये गाणारे गॉस्पेलचे चौघे, १९३० च्या दशकातले मिल्स ब्रदर्स, त्यांच्या मागोमाग आलेले इंक स्पॉट्स असा हा वारसा. दुसऱ्या महायुद्धानंतर रेव्हन्स आणि ओरिओल्स या गटांनी त्याला तरुण रूप दिलं. दोन्ही नावं पक्ष्यांची. त्यांच्यामागून फ्लमिंगोज, लार्क्स, क्रोज असा पक्ष्यांचा थवाच आला. पेंग्विन्सनी मात्र आपलं नाव घेतलं ते सिगारेटच्या पाकिटावरून. कूल या मेंथॉल सिगारेटच्या जाहिरातीत विली नावाचा पेंग्विन असे, आणि तोच मुलांना आवडला.

आपल्याकडच्या भजनी मंडळात बुवा पुढे गातात आणि टाळकरी तीच चाल त्याच सुरांत मागून उचलतात. डू-वॉपमध्ये मागचे तिघे पुढच्याची चाल गात नाहीत. प्रत्येक जण आपापला वेगळा सूर धरतो आणि ते सूर एकाच वेळी लागून स्वरांचा एक गुच्छ तयार होतो. मुख्य गायक शब्द गातो. खर्जातला गायक ताल आणि पाया सांभाळतो. मधले दोघे अर्थहीन अक्षरं गुणगुणत पोकळी भरून काढतात. कधी कधी एक आवाज कृत्रिम उंच स्वरात सगळ्यांच्या वरून तरंगत जातो. व्हायोलिन आणि ट्रम्पेट यांनी करायचं काम इथे गळे करतात. कारण उघड आहे. वाद्यांना पैसे लागतात, गळा फुकट मिळतो.

गरीब वस्त्यांतल्या मुलांना हा प्रकार जवळचा वाटला तो त्यामुळेच. सरावाला रस्त्याचा कोपरा पुरे. आवाज घुमावा म्हणून जिन्याखालची जागा, शाळेचं स्वच्छतागृह, न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वेचं स्थानक अशा जागा मुलं शोधून काढत. आवाज एकमेकांत मिसळले की नाही हे सांगायला तिथे कुणी मास्तर नसे. भिंतीवरून परत येणारा नादच चूक दाखवून देई.

‘अर्थ एंजल’चा सांगाडा अगदी साधा आहे. चार कॉर्ड पुन्हा पुन्हा फिरतात. आपल्या सरगमच्या भाषेत सांगायचं तर पहिली स्वरसंगती ‘सा’वर उभी, दुसरी ‘ध’वर, तिसरी ‘म’वर आणि चौथी ‘प’वर, की पुन्हा ‘सा’. यातली ‘ध’वरची संगती तेवढी मायनर, म्हणजे किंचित उदास छटेची. आनंदात सुरू झालेली ओळ दुसऱ्याच पावलावर हळवी होते, तिसऱ्या-चौथ्या पावलावर सावरते आणि घरी परतते. पियानो प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग करत सावकाश चालत राहतो. तोही गटातल्याच कर्टिस विल्यम्सने वाजवला. या चार कॉर्डवर त्या दशकात इतकी गाणी बांधली गेली की एकाच्या जागी दुसरं सहज गाता यावं. चाल सगळ्यांची सारखी असताना एखादं गाणं वेगळं ठरतं ते गळ्यामुळे.

डंकनचा गळा ऐकताना हे फार जाणवतं. तो उंच पट्टीतला गायक. पण त्याच्या आवाजात कसलेल्या गायकाचा डौल नाही. सुरावर पोचण्याआधी तो किंचित घसरतो, शब्दाचा शेवट ओढतो, ओळ संपता संपता श्वास कमी पडल्यासारखा वाटतो. मागचे तिघे त्याला घाई करत नाहीत. नीटनेटक्या स्टुडिओत एखाद्या जाणत्या निर्मात्याने हे सगळं घासूनपुसून लख्ख केलं असतं. गॅरेजमध्ये ते राहून गेलं, आणि ऐकणाऱ्याला वाटलं की हा मुलगा आपल्याच वयाचा आहे, आपल्याच गल्लीतला आहे.

उलट्या बाजूचं नशीब

युद्धकाळात जहाजं आणि विमानं बांधणाऱ्या कारखान्यांमुळे टेक्सास, लुइझियाना अशा दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं लॉस एंजेलिसला आली. घरं कुठे घ्यायची यावर वर्णभेदी करारांची बंधनं होती, म्हणून वस्ती सेंट्रल ॲव्हेन्यूच्या आसपास दाटत गेली. तिथेच क्लब निघाले, तिथेच तबकड्यांची दुकानं निघाली. डंकन आणि विल्यम्स हे दोघे याच भागातल्या फ्रीमाँट हायस्कूलचे.

त्यांना मुद्रित करणारा माणूसही याच वस्तीचा. डूटसी विल्यम्स हा मुळात ट्रम्पेटवादक. १९४९ मध्ये त्याने तबकड्यांची एक छोटी कंपनी काढली आणि पुढे ती डूटोन या नावाने चालवली. कृष्णवर्णीय मालकाची कंपनी ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. डूटोनची ३४८ क्रमांकाची तबकडी पेंग्विन्सची. तिच्या मुख्य बाजूला ‘हे सेन्योरिटा’ हे उडत्या चालीचं गाणं होतं. ‘अर्थ एंजल’ होतं मागच्या बाजूला. मागच्या बाजूचं गाणं म्हणजे भरताड, असा तेव्हाचा समज.

सेंट्रल ॲव्हेन्यूच्या परिसरात ‘डॉल्फिन्स ऑफ हॉलिवूड’ नावाचं दुकान होतं. हॉलिवूड फक्त नावात. दुकान कृष्णवर्णीय वस्तीत. मालक जॉन डॉल्फिनने ते रात्रंदिवस उघडं ठेवलं होतं. दुकानाच्या दर्शनी काचेआड बसून निवेदक रेडिओवर थेट कार्यक्रम करायचा. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो दिसायचा आणि जे गाणं लागलं असेल ते लोक आत येऊन तिथेच विकत घ्यायचे. डूटसी विल्यम्सने लोकांचा कौल घ्यायला आपलं मुद्रण इथे आणलं. ‘हगी बॉय’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या डिक हग या निवेदकाने ते वाजवलं आणि फरमाइशींचे फोन सुरू झाले. लोक मागची बाजू मागत होते.

आणखी वाद्यं चढवायचा बेत तिथेच गुंडाळला गेला. मागणी इतकी वाढली की डूटोनकडचा तबकडीच्या मधोमध चिकटवायचा लेबलचा कागद संपला. मग हाताला लागेल त्या रंगाचा कागद वापरला गेला. म्हणून त्या काळच्या प्रती आज लाल, तांबड्या-तपकिरी, निळ्या, काळ्या अशा निरनिराळ्या लेबलांच्या सापडतात आणि संग्राहक त्यावरून छपाईचा क्रम लावत बसतात. १९५५ च्या सुरुवातीला गाणं ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गोऱ्या श्रोत्यांची समजल्या जाणाऱ्या पॉप यादीतही ते आठव्या क्रमांकापर्यंत चढलं. गॅरेजमधल्या तबकडीसाठी ही मजल अफाट होती.

तेच गाणं, दुसरे गळे

पण त्याच वेळी तेच गाणं आणखी एका तबकडीवर विकलं जात होतं. टोरँटोच्या एका चर्चच्या गायनशाळेत तयार झालेल्या चार गोऱ्या मुलांचा ‘क्रू-कट्स’ हा गट होता. मागे मर्क्युरी ही मोठी कंपनी उभी होती. त्यांचं ‘अर्थ एंजल’ पॉप यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. मूळ गाणं आठवं, नक्कल तिसरी. याच क्रू-कट्सनी आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या कॉर्ड्स या कृष्णवर्णीय गटाचं ‘श-बूम’ गाऊन सलग नऊ आठवडे पहिला क्रमांक राखला होता. कॉर्ड्सचं नावही त्यांच्या हाती राहिलं नाही. त्याच नावाचा दुसरा गट आधीपासून असल्याचं निघालं आणि ऐन भरात त्यांना नाव बदलावं लागलं.

हे सगळं कायद्याला धरून होतं, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. १९०९ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार एकदा मुद्रित झालेलं गाणं कुणालाही पुन्हा मुद्रित करता येई. त्यासाठी दर प्रतीमागे २ सेंट रचनेच्या हक्कदाराला द्यायचे, की झालं. परवानगी मागायची गरजही नव्हती. हे २ सेंट जात गीतकार-संगीतकाराकडे आणि त्यांच्या प्रकाशकाकडे. ज्याचं गाणं ऐकून नक्कल केली त्या गायकाला त्यातला छदामही मिळत नसे.

बरं, नुसती चाल उचलली असती तर गोष्ट वेगळी. इथे ठेका, मागचे आवाज, खर्जाची फेक असं सगळंच उतरवून घेतलं जाई. त्यालाही अडसर नव्हता. लॉस एंजेलिसच्याच एका छोट्या कृष्णवर्णीय कंपनीने, सुप्रीमने, याच मुद्द्यावर डेक्का या बड्या कंपनीला न्यायालयात खेचलं होतं. सुप्रीमची गायिका पॉला वॉटसन हिच्या ‘अ लिटल बर्ड टोल्ड मी’ या गाण्याची मांडणी डेक्काने एव्हलिन नाइट या गोऱ्या गायिकेकडून जशीच्या तशी करवून घेतली, ही तक्रार. १९५० मध्ये निकाल सुप्रीमच्या विरोधात गेला. अशा मांडणीवर मालकी सांगता येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं आणि बड्या कंपन्यांना रान मोकळं झालं. पाच वर्षांनी लव्हर्न बेकर या गायिकेने आपल्या ‘ट्वीडल डी’ या गाण्याची नक्कल झाल्यावर चार्ल्स डिग्ज या अमेरिकी काँग्रेसच्या सदस्याला पत्र लिहून कायदा बदलायची विनंती केली. कायदा बदलला नाही.

वर्णभेद या यंत्राचं इंधन होता. अनेक रेडिओ केंद्रं कृष्णवर्णीयांच्या तबकड्या लावतच नसत. मोठ्या कंपनीचे वितरक गावोगावच्या दुकानांत पोचलेले, तर छोट्या कंपनीच्या तबकड्या तिथे जायलाच आठवडे लागत. त्या छोट्या कंपनीचीही ओढाताण होई. तबकड्या दाबून देणारा कारखाना रोख मागणार, वितरक पैसे देणार महिन्यांनी. मोठं यश अंगावर येऊन छोट्या कंपन्या बुडल्याची उदाहरणं या धंद्यात आहेत. डूटसी विल्यम्सने पुढे दाखवलेला कंजूषपणा समजून घ्यायचा तर हा हिशेबही पाहावा लागतो.

मर्क्युरीचा सौदा

गाणं देशभर वाजत असताना गायकांच्या हाती पैसा नव्हता. त्यांनी उचल मागितली. डूटसी विल्यम्सने नकार दिला. मुलांनी मग बक रॅम या अनुभवी गीतकार-व्यवस्थापकाचा आश्रय घेतला. डूटोनशी करार झाला तेव्हा गटातले गायक सज्ञान नव्हते, या मुद्द्यावर त्यांची सुटका झाली आणि १९५५ मध्ये ते मर्क्युरीत दाखल झाले. हीच ती कंपनी, जिने क्रू-कट्सकडून त्यांच्या गाण्याची नक्कल करवून घेतली होती.

बक रॅमच्या हाताखाली आणखी एक गट होता, प्लॅटर्स. त्यांना तेव्हा कुणी विचारत नव्हतं. पेंग्विन्स हवे असतील तर प्लॅटर्सनाही घ्यावं लागेल, अशी अट रॅमने मर्क्युरीला घातली आणि कंपनीने ती मान्य केली. पुढे जे झालं ते या धंद्याच्या इतिहासात वारंवार सांगितलं जातं. त्याच वर्षी प्लॅटर्सचं ‘ओन्ली यू’ गाजलं. मग ‘द ग्रेट प्रिटेंडर’ पहिल्या क्रमांकावर गेलं, पाठोपाठ आणखी गाणी गेली. ज्यांच्यासाठी सौदा झाला ते मागे पडले आणि जे अटीपायी आत आले ते जगप्रसिद्ध झाले.

पेंग्विन्स मागे का पडले? प्लॅटर्सची सुरुवातीची मोठी गाणी रॅमने स्वतः लिहिलेली होती. त्यांचा मुख्य गायक टोनी विल्यम्स हा भरदार, कसलेल्या आवाजाचा. मोठा वाद्यवृंद मागे उभा केला तरी तो त्यावर स्वार होई. रॅमला आणि मर्क्युरीला जे संगीत हवं होतं, त्यासाठी प्लॅटर्स घडवल्यासारखे होते. पेंग्विन्सचं बलस्थान नेमकं उलटं. त्यांचा कच्चेपणा, उशा दाबलेला ड्रम, गळ्यांमधली मोकळी जागा हीच त्यांची श्रीमंती होती. मर्क्युरीच्या सुसज्ज स्टुडिओत ती जागा भरून काढली गेली. १९५६ मध्ये त्यांच्याकडून ‘अर्थ एंजल’सुद्धा नव्याने गाऊन घेतलं. गायक जवळपास तेच, गाणं तेच, यंत्रं कितीतरी सरस. कुणाचं लक्षही गेलं नाही.

मर्क्युरीनंतर ॲटलांटिक ही कंपनी झाली. तिथे १९५७ मध्ये ‘प्लेज ऑफ लव्ह’ हे गाणं ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत थोडंफार चढलं. मग पुन्हा डूटोन. ब्रूस टेट आधीच गेला होता, कर्टिस विल्यम्सही गेला. त्यांच्या जागी दुसरे आले. दशक संपता संपता गट विस्कटला. गावोगावी असे शेकडो गट होते आणि त्यांतल्या बहुतेकांची गत हीच झाली. शाळा सुटते, लग्नं होतात, नोकऱ्या लागतात, सैन्यातून बोलावणं येतं. न्यू हेवनच्या एका चर्चच्या तळघरात मुद्रित झालेलं ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ १९५६ मध्ये गाजत होतं तेव्हा ते रचणारा आणि गाणारा फ्रेड पॅरिस सैनिक म्हणून जपानमध्ये होता. चार गळ्यांचा गट टिकायचा तर चार आयुष्यं एकाच वेळी मोकळी असावी लागतात, आणि गरीब घरांतल्या मुलांना ती चैन फार दिवस परवडत नाही.

गाण्याचे मालक

या पडझडीच्या काळात एक लढाई मात्र हिरिरीने लढली गेली. गाणं लिहिलं कुणी? तबकडीवर नाव कर्टिस विल्यम्सचं होतं. पण पेंग्विन्समध्ये येण्यापूर्वी तो हॉलिवूड फ्लेम्स या गटात होता आणि तिथे त्याच्यासोबत गेनेल हॉज हा गायक होता. दोघांच्याही ओळखीचा जेसी बेल्व्हिन हा वस्तीतला अत्यंत गुणी गायक-संगीतकार. आपणही या गाण्याचे कर्ते आहोत, असा हॉज आणि बेल्व्हिनचा दावा होता. बेल्व्हिनने मार्व्हिन फिलिप्ससोबत गायलेल्या ‘ड्रीम गर्ल’ या गाण्याशी ‘अर्थ एंजल’चं नातं ऐकताच लक्षात येतं. प्रकरण न्यायालयात गेलं. आज या गाण्याचे कर्ते म्हणून बेल्व्हिन, हॉज आणि विल्यम्स अशी तिघांची नावं लावली जातात.

मला या वादात कोण खरं-खोटं यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वस्तीत सूर आणि ओळी एका गटातून दुसऱ्या गटात मोकळेपणाने फिरत. कुणाच्या तरी घरच्या पियानोवर एकाने सुरुवात करावी, दुसऱ्याने मधला भाग जोडावा, तिसऱ्याने तो आपल्या गटाकडून गाऊन घ्यावा. अशा सामाईक रचनेला कायद्याच्या चौकटीत बसवायचं तर एक-दोन नावं लिहावीच लागतात, कारण पैसा त्या नावांच्या मागे जातो. म्हणून सगळे रचनेच्या कागदासाठी भांडले. क्लीव्ह डंकन या भांडणात कुठेच नव्हता. त्याने गाणं लिहिलं नव्हतं. त्याने ते फक्त गायलं होतं, आणि त्या गायनासाठी दावा सांगता येईल अशी जागाच कायद्यात नव्हती. बेल्व्हिनच्या नशिबीही फळ फारसं आलं नाही. १९६० च्या फेब्रुवारीत आर्कान्सामधल्या एका कार्यक्रमाहून परतताना मोटार अपघातात तो गेला, अवघ्या २७ व्या वर्षी.

एल मॉन्टेची मुलं

गट विझला तरी गाणं विझलं नाही, आणि त्याचं श्रेय एका विशिष्ट श्रोतृवर्गाला द्यायला हवं. लॉस एंजेलिस शहरात अल्पवयीन मुलांच्या सार्वजनिक नृत्यांवर जाचक नियम होते. म्हणून आयोजक शहराच्या हद्दीबाहेर, पूर्वेकडच्या एल मॉन्टे गावात लीजन स्टेडियमवर नृत्यं भरवू लागले. आर्ट लबो हा रेडिओ निवेदक त्यांतला प्रमुख. तिथे गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं एकाच फरशीवर नाचत. देशात बऱ्याच ठिकाणी हे अशक्य होतं. मेक्सिकन अमेरिकन मुलांनी संथ डू-वॉप गाण्यांना विशेष जवळ केलं आणि मोठं झाल्यावरही सोडलं नाही.

लबोने एक साधी गोष्ट हेरली. मुलं नव्या गाण्यांच्या गर्दीत दोन-तीन वर्षांपूर्वीची गाणी पुन्हा पुन्हा मागत होती. १९५९ मध्ये त्याने अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या जुन्या गाण्यांची एकत्र लाँग प्ले तबकडी काढली, ‘ओल्डीज बट गुडीज’. तिच्यात ‘अर्थ एंजल’ होतं, आणि होतं ते पेंग्विन्सचं. जुनी गाणी पुन्हा विकायचा पुढचा सगळा बाजार या तबकडीच्या वाटेने गेला. १९६३ मध्ये लबोच्याच कंपनीसाठी क्लीव्ह डंकनने पेंग्विन्सच्या नावाने ‘मेमरीज ऑफ एल मॉन्टे’ गायलं. ते लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होता फ्रँक झापा. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. पुढे तो रॉक संगीतातला मोठा बंडखोर म्हणून गाजला, पण डू-वॉपवरचं त्याचं प्रेम शेवटपर्यंत टिकलं.

लबो पुढेही अनेक दशकं रेडिओवरून फरमाइशी लावत राहिला. तुरुंगात असलेल्या नवऱ्यासाठी, मुलासाठी, भावासाठी घरची माणसं फोन करून संदेश देत आणि गाणं मागत. २०२२ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी तो गेला. १९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटातल्या नृत्याच्या प्रसंगामुळे ‘अर्थ एंजल’ नव्या पिढीच्या कानी पडलं. तो प्रसंग घडतो १९५५ च्या नोव्हेंबरात. चित्रपटात ते दुसऱ्याच गायकाच्या आवाजात आहे, पण त्या काळाची हवा उभी करायला दिग्दर्शकाला हेच गाणं हाती घ्यावंसं वाटलं. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्राचा ठेवा म्हणून जतन करायच्या मुद्रणांची जी नोंदवही ठेवली आहे, तिच्या २००४ च्या यादीत ‘अर्थ एंजल’ आलं. नोंद झाली ती गॅरेजमधल्या मुद्रणाची. १९५५ मध्ये यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलेल्या तबकडीला या निवडीत कुणी विचारलं नाही.

गळ्याचा हिशेब

नकलांची लाट ओसरली ती कायद्यामुळे नव्हे. ॲलन फ्रीडसारख्या निवेदकांनी मूळ तबकड्याच वाजवायचा आग्रह धरला आणि कोवळ्या वयाच्या श्रोत्यांना दोन्हींतला फरक कळू लागला. १९५६ नंतर मूळ गाणं मागे आणि नक्कल पुढे, असं होणं कमी होत गेलं. श्रोत्यांनी जे केलं ते करायला कायद्याला फार उशीर लागला. ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र मालमत्ता मानणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत १९७२ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला, आणि तोही त्यापुढच्या मुद्रणांना. त्याआधीची सगळी मुद्रणं, म्हणजे जवळपास सगळं डू-वॉप, त्याच्या बाहेर राहिलं. ती उणीव भरून निघाली २०१८ च्या नव्या कायद्याने. १९५४ सालच्या मुद्रणाला आता प्रसिद्धीपासून ११० वर्षांचं संरक्षण आहे, आणि इंटरनेटवरच्या रेडिओवर ते वाजलं तर मोबदल्यात गायकाचाही वाटा असतो.

ब्रूस टेट १९७३ मध्ये गेला, कर्टिस विल्यम्स १९७९ मध्ये. पेंग्विन्सचं नाव आयुष्यभर चालवणारा आणि कार्यक्रमांतून तेच गाणं गात राहिलेला क्लीव्ह डंकन २०१२ मध्ये ७७ व्या वर्षी गेला. नवा कायदा आला तेव्हा चौघांपैकी एकटा डेक्स्टर टिस्बी हयात होता. पुढच्याच वर्षी तोही गेला. आणि साध्या रेडिओचा हिशेब अजूनही जुनाच आहे. अमेरिकेतल्या एखाद्या केंद्राने आज रात्री ‘अर्थ एंजल’ लावलं, तर रचनेच्या हक्कदारांना पैसे जातील. गायकांना किंवा त्यांच्या वारसांना काहीही द्यावं लागणार नाही. हा नियम बदलायचे प्रस्ताव काँग्रेससमोर पुन्हा पुन्हा आले आणि प्रत्येक वेळी रेडिओ केंद्रांच्या विरोधापुढे अडले.

म्हणून ‘एका गाण्याचे धनी’ हा शब्दप्रयोग पेंग्विन्सना लावताना मी थांबतो. गाणं त्यांनी गायलं, सत्तर वर्षं ते टिकलं, आणि ते ज्यामुळे टिकलं तो गळा त्यांचाच होता. फक्त त्या गाण्याचे धनी ते कधीच नव्हते. अमेरिकी काँग्रेसने रेडिओचा तो नियम उद्या बदलला तर डंकनला त्याचा उपयोग नाही, पण आज कुठल्या तरी गॅरेजमध्ये गाणाऱ्या मुलांना होईल. तो बदल व्हायला हवा.